सापाची मावशी

नातीं जोडण्याच्या कामीं मराठी भाषेनें कधीं हात आंखडता घेतलेला नाहीं. चंद्राला तिनें मुलांचा मामा केलें, मांजराला वाघाची मावशी केलें, आणि कुंड्यांच्या आडून सळसळत जाणाऱ्या एका लहानशा प्राण्याला सापाची मावशी करून टाकलें. पहिल्या दोन नात्यांनीं कोणाचें नुकसान झालें नाहीं. चंद्राचें कौतुक वाढलें आणि मांजराची प्रतिष्ठा वाढली. तिसरें नातें मात्र ज्याच्याशीं जोडलें त्याच्या जिवावर उठलें. सापाची मावशी म्हणजे सापाइतकीच विषारी, असा सरळ हिशेब करून तिच्यावर काठी, झाडू, पायतण, जें हाताला लागेल तें उगारलें जातें. या प्राण्याचें दुसरें मराठी नांव सापसुरळी. ती खरोखर कोण आहे, ती कशी ओळखावी, ती जगते कशी, आणि ज्या नात्यापायीं ती मरते तें नातें कितपत खरें आहे, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली हा टापू या विचारास फार सोईचा आहे. बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं गेली आणि पुढच्याच वर्षीं, १८५४ मध्यें, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोंचला. त्या वेळीं या मार्गाच्या दोहों बाजूंस भातखाचरें, गवताळ माळ, खाडीकांठचीं खाजणें आणि झाडीनें भरलेल्या टेकड्या होत्या. २०११ च्या शिरगणतींत ठाणें शहराची वस्ती अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर भरली. खाचरांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. परंतु खाचरांतले सर्वच प्राणी निघून गेले नाहींत. येऊरच्या डोंगरांत, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडील अंगास, बिबट्या राहिला. नदीनाल्यांच्या कांठीं आणि ओसाड जागांत घोरपड राहिली. सापसुरळी तर माणसाच्या कुंपणाच्या आंतच राहिली. कुंपणाच्या भिंतींतील भेगा, कुंडीखालची ओल, झाडाच्या बुंध्याशीं सांचलेला पालापाचोळा, रचून ठेवलेल्या विटा, एवढें तिला पुरतें. मृगाच्या सरींनीं बिळें भरूं लागलीं कीं कोरड्या जागेच्या शोधांत ती कधीं तळमजल्याच्या घरांत, न्हाणीघरांत किंवा जिन्याखालच्या अडगळींत शिरते, आणि तेथें तिची माणसाशीं गांठ पडते. ही गांठ बहुधा मिनिटभरांत, आणि एकाच पक्षाच्या मृत्यूनें, संपते.

या भीतीला हसणें मात्र योग्य होणार नाहीं. सर्पदंश ही आपल्या देशांत दंतकथा नव्हे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं असावींत, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत केलेला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार सापांचा या मृत्यूंत मोठा वांटा आहे, आणि हे चारहि कोंकणपट्टीला परके नाहींत. तेव्हां न्हाणीघराच्या कोपऱ्यांत कांहीं वळवळतांना दिसतांच जी गृहिणी मुलांना मागें ओढते ती मुळींच चुकत नाहीं. चूक होते ती त्यानंतर, नीट न पाहतां घातलेल्या घावांत. आणि पाहावें कसें हें ठाऊक असेल तर चार-पांच हातांचें अंतर राखून, हात न लावतां, क्षणभर केलेलें निरीक्षणहि बहुधा पुरेसें होतें.

पहिली खूण पायांची. सापसुरळीला चार पाय असतात आणि प्रत्येक पायाला पांच बोटें असतात. परंतु हे पाय अंगाच्या मानानें आखूड असल्यामुळें, ती घाबरून पळूं लागली कीं ते नजरेंत भरत नाहींत. गवतांतून किंवा पाचोळ्यांतून जातांना अंगाला नागमोडी वळसे देत ती जवळजवळ सापासारखी सरकते. लोकांची फसगत होते ती याच क्षणीं. पण सापसुरळी फार वेळ एकसारखी पळत नाहीं. थोडें अंतर तोडून ती थांबते, मान उचलते आणि आजूबाजूस पाहते. त्या थांबण्यांत तिचे पाय स्वच्छ दिसतात. आपल्याकडील कोणत्याहि सापाला चालण्याचे पाय नसतात. म्हणून चार पाय दिसले कीं निम्मा निकाल लागलाच.

दुसरी खूण डोळ्यांची. सापाला हलती पापणी नसते. त्याच्या डोळ्यावर पारदर्शक खवल्याचें झांकण कायमचें बसलेलें असतें आणि म्हणूनच त्याची नजर रोखलेली भासते. सापसुरळी डोळे मिटते आणि उघडते. तिच्या कांहीं जातींत तर खालच्या पापणीला एक पारदर्शक खिडकी असते, त्यामुळें डोळा मातीपासून झांकलेला राहूनहि उजेड आंत येऊं शकतो. येथें एक सावधगिरी सांगावयास हवी. घराच्या भिंतीवरील पालीलाहि हलती पापणी नसते, ती जिभेनें डोळा पुसते. तेव्हां केवळ पापणी नाहीं म्हणून एखाद्या प्राण्यास साप ठरवूं नये. तिसरी खूण कानाची. सापसुरळीच्या डोळ्यामागें, जबड्याच्या टोंकापाशीं, कानाचें लहानसें छिद्र दिसतें. सापाला असें बाहेरचें छिद्र नसतें. चौथी खूण शेंपटाची. सापाच्या लांबींत शेंपटाचा भाग थोडाच असतो. मोठ्या सापसुरळीचें धड आणि शेंपूट मोजलें तर अखंड शेंपूट धडाहून लांब भरतें. पांचवी खूण अंगाच्या चकाकीची. सरड्याचें अंग खरखरीत, पालीचें मऊ आणि घोरपडीचें जाड मण्यांच्या कातड्यासारखें दिसतें. सापसुरळीचे खवले कौलांप्रमाणें एकावर एक घट्ट बसलेले आणि तेल लावल्यासारखे तुळतुळीत असतात. या खवल्यांखालीं हाडाच्या बारीक चकत्या असतात. त्यांमुळें तिचें अंग चिवट होतें आणि दगडांच्या फटींतून घुसतांना खरचटत नाहीं.

ठाणें-कल्याणच्या बागांतून आणि माळांतून ज्या सापसुरळ्या सामान्यतः दृष्टीस पडतात त्यांच्या तीन जाती ओळखून ठेवल्यास पुष्कळ काम भागतें. पहिली मोठी सापसुरळी. तोंडापासून शेंपटाच्या मुळापर्यंत ती पांच इंचांपर्यंत वाढते आणि शेंपूट साडेसहा इंचांपर्यंत जातें. म्हणजे सगळी मिळून ती फुटाला थोडीच कमी. पाठ तपकिरी, कांशाच्या भांड्यासारखी चमकणारी, आणि दोहों कुशींवरून एकेक फिकट पट्टा. पाठीच्या प्रत्येक खवल्यावर बारीक कंगोरे असतात, बहुधा तीन किंवा पांच. विणीच्या दिवसांत नराच्या कुशीवर तांबडी छटा चढते आणि अडाणी नजरेला तें विषाचें लक्षण वाटतें. तो रंग मादीसाठीं आणि प्रतिस्पर्धी नरांसाठीं असतो; माणसाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. दुसरी जात हिच्यासारखीच, परंतु बरीच लहान. तिचें धड तीन इंचांच्या आंतबाहेर असतें, आणि ती ओलसर सावलींत, पाचोळ्यांत अधिक रमते.

तिसरी जात सर्वांत अधिक मार खाणारी आहे. ती बारीक आणि लांबोडी. पाय इतके इवलेसे कीं ते शोधावे लागतात. पाठीवर काळसर ठिपक्यांच्या रांगा उभ्या रेघांसारख्या गेलेल्या असतात, आणि पिलाचें शेंपूट लालभडक असतें. काळ्या रेघा, तांबडें शेंपूट आणि सापासारखी चाल, एवढें सामान एका ठिकाणीं जमल्यावर तिला विषारी सापाचें पिलूं समजलें जावें यांत नवल नाहीं. प्रत्यक्षांत तें लाल शेंपूट तिच्या बचावाचें साधन आहे. शत्रूची चोंच किंवा पंजा डोक्यावर न पडतां शेंपटावर पडावा म्हणून निसर्गानें शेंपटाला भडक रंग दिलेला आहे. पक्ष्यांना आणि मांजरांना चकविण्यासाठीं केलेली ही योजना माणसापुढें उलटी पडते. जो रंग तिला वांचवावयाचा तोच तिला मारवितो.

या तिसऱ्या जातीची गल्लत दोन सापांशीं होते आणि ते दोन्ही बिनविषारी आहेत. एक वाळा. हा गांडुळासारखा बारीक, काळसर तपकिरी, कुंडीच्या मातींत सांपडणारा आंधळा साप वाळवीचीं आणि मुंग्यांचीं अंडीं खातो. त्याला पाय नाहींत, आणि डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन काळे ठिपके. दुसरा कवड्या. हा रात्रीं भिंतीवर चढून पाली खातो. सापसुरळ्याहि त्याच्या भक्ष्यांत आहेत. त्याचे पांढुरके पट्टे पाहून लोक त्याला मण्यार समजतात. येथें नियम असा ठेवावा कीं पाय दिसले तर भय नाहीं. पाय दिसले नाहींत किंवा दिसले कीं नाहीं याचा निश्चय झाला नाहीं, तर तो विषारी साप आहे असें धरून दूर राहावें आणि वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावें. अर्धवट ओळखीवर धीटपणा करण्यापेक्षां पूर्ण अज्ञानाची सावधगिरी बरी.

आतां सापसुरळीचा दिनक्रम पाहूं. तिच्या शरीरांत पक्ष्यांप्रमाणें किंवा माणसांप्रमाणें स्वतःची ऊब तयार होऊन टिकत नाहीं. ती ऊब उन्हांतून उसनी घ्यावी लागते. म्हणून सकाळचें कोंवळें ऊन कुंपणाच्या भिंतीवर उतरलें कीं ती अंग चपटें करून दगडावर पडून राहते. अंग तापलें कीं तिची शिकार सुरू होते, आणि दुपारचें ऊन कडक झालें कीं ती पाचोळ्याखालीं किंवा भेगेंत जाते. टोळ, नाकतोडे, रातकिडे, कोळी, वाळवी, अळ्या हें तिचें अन्न. ज्या बागेंत सापसुरळी नांदते तेथें रोपें कुरतडणाऱ्या किड्यांवर एक पहारा आपोआप बसतो आणि त्या पहाऱ्याला पगार द्यावा लागत नाहीं. मादी ओलसर मातींत, दगडाखालीं किंवा पाचोळ्यांत अंडीं घालते. पालीच्या अंड्यांचें कवच टणक असतें, तर सापसुरळीच्या अंड्यांचें कवच चामड्यासारखें मऊ असतें आणि मातींतील ओल शोषून घेतें. म्हणूनच माती सुकली किंवा सिमेंटखालीं गेली कीं तिची पुढची पिढी संपते. भारद्वाज, शिक्रा, मुंगूस, मांजर आणि अनेक साप तिला खातात. ज्या सापांची ती मावशी म्हणविते त्यांच्याच ती तोंडचा घांस आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

इतके शत्रू असतां ती वांचते कशी, याचें उत्तर तिच्या शेंपटांत आहे. शेंपटाच्या मणक्यांच्या आंतच, ठराविक अंतरावर, तुटण्याच्या नैसर्गिक जागा आंखलेल्या असतात. शत्रूनें शेंपूट धरलें कीं त्या जागेभोंवतालचे स्नायू जोरानें आवळले जातात आणि मणका तेथेंच दुभंगतो. रक्तवाहिन्यांचीं तोंडें लागलींच आकसतात, म्हणून रक्त फार वाहत नाहीं. तुटलेला तुकडा कांहीं वेळ उडत राहतो. शत्रू त्या तुकड्यांत गुंततो आणि धनीण निसटते. पुढें कांहीं आठवड्यांत नवें शेंपूट फुटूं लागतें. परंतु तें पहिल्यासारखें कधींच होत नाहीं. त्यांत मणक्यांऐवजीं कुर्चेचा एक सलग दांडा असतो आणि त्याचा रंग व खवल्यांची मांडणीहि निराळी असते. हा सौदा फुकटचा नसतो. शेंपटांत सांठविलेली चरबी गमावली जाते, आणि नवें शेंपूट घडविण्यांत जी शक्ति खर्च होते ती वाढींतून आणि अंड्यांतून वजा होते. तेव्हां झाडूच्या फटक्यानें शेंपूट तुटून जी सापसुरळी पळाली ती सुखरूप सुटली असें समजूं नये. तिनें पदरचें पुष्कळ मोजलेलें असतें. सरड्याला आणि घोरपडीला असें शेंपूट सोडून पुन्हां उगवण्याची सोय नाहीं.

शास्त्रानें या प्राण्यांना जीं नांवें दिलीं त्यांचाहि इतिहास थोडा मनोरंजक आहे. लाल शेंपटाच्या ठिपकेवाल्या जातीला स्वीडनचा लिनीयस यानें १७५८ सालींच नांव दिलें. प्राण्यांना दुहेरी नांवें देण्याची पद्धति ज्या ग्रंथापासून सुरू झाली असें मानतात त्याच ग्रंथांत ती आलेली आहे. 'पंक्टाटा' म्हणजे ठिपक्यांची. तिचें हल्लींचें पूर्ण नांव 'रिओपा पंक्टाटा'. मोठ्या सापसुरळीला १८०१ सालीं श्नायडर या जर्मन पंडितानें नांव दिलें. हा गृहस्थ ग्रीक भाषेचा कोशकार म्हणूनहि प्रसिद्ध आहे. 'कॅरिना' म्हणजे होडीच्या तळाचा कणा. खवल्यांवरील कंगोरे पाहून त्यानें तिला 'कॅरिनाटा' म्हटलें. जुन्या पुस्तकांत तिचें वंशनाम 'मबुया' असें आढळेल, आतां तें 'यूट्रोपिस' झालें आहे. लहान जातीला १८५३ सालीं, म्हणजे ठाण्याची आगगाडी सुरू झाली त्याच वर्षीं, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक एडवर्ड ब्लाइथ यानें 'मॅक्युलारिया' हें नांव दिलें. माल्कम स्मिथ या इंग्रज डॉक्टरनें १९३५ सालीं हिंदुस्थानांतील सरडे-पालींवर जो ग्रंथ लिहिला त्यांत मोठ्या सापसुरळीच्या अंगाभोंवतीं खवल्यांच्या तीस ते चौतीस रांगा असतात, येथपर्यंत बारकाईनें मोजमाप दिलेलें आहे. ओळख पटविणें म्हणजे काय, हें त्या रांगा मोजणाऱ्याच्या चिकाटीवरून समजतें. या नांवांच्या मेळ्यांत मराठीलाहि मान मिळाला आहे. २०१६ सालीं भारतीय संशोधकांनीं, गळ्याला पंख्यासारखी रंगीत झालर असलेल्या सरड्यांचा अभ्यास करून एक नवा वंश स्थापिला आणि त्याला 'सरडा' हेंच नांव दिलें. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरील एक देखणी जात या वंशांत मोडते.

नांवांवरून पुन्हां नात्याकडे वळलें पाहिजे. साप आणि सापसुरळी यांचें नातें आहे कीं नाहीं? आहे, परंतु भाषेनें सांगितलें तितकें जवळचें नाहीं. साप, सरडे, पाली, घोरपडी आणि सापसुरळ्या हे सर्व खवल्यांच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एकाच मोठ्या कुळांतले. सापहि प्राचीन काळीं पाय असलेल्या सरड्यासारख्या पूर्वजांपासूनच निघाले. गेल्या कांहीं दशकांत या प्राण्यांच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हां असें दिसून आलें कीं सरडा आणि घोरपड हे सापांचे जवळचे भाऊबंद असून सापसुरळीची शाखा त्यांच्याहि पूर्वीं, कोट्यवधि वर्षांपाठीमागें, निराळी झाली. म्हणजे झाडावर बसून मान हलविणारा सरडा सापाचा जितका नातलग आहे तितकी सापसुरळी नाहीं. सरड्याला कोणी सापाचा काका म्हटलें नाहीं, कारण तो सापासारखा दिसत नाहीं; आणि ही बिचारी दिसते म्हणून मावशी ठरली. रूपावरून गोत्र ठरविण्याचा हा दोष केवळ प्राण्यांच्याच बाबतींत घडतो असें नाहीं.

मग हें रूप आलें कोठून? पाचोळ्यांतून, सैल मातींतून, दगडांच्या फटींतून वावरणाऱ्या प्राण्याला लांब पाय अडचणीचे होतात आणि लांबट, गुळगुळीत देह सोईचा होतो. जगांत सापसुरळीच्या कुळांत सतराशेंहून अधिक जाती आहेत आणि त्यांत पाय आखूड होण्याची, किंवा अजिबात नाहींसे होण्याची, घटना निरनिराळ्या प्रदेशांत अनेक वेळां स्वतंत्रपणें घडलेली आहे. ओरिसांतील चिल्का सरोवरांत बारकुडा नांवाचें बेट आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनीं १९१७ सालीं तेथील एका अशाच प्राण्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याला एकहि पाय नाहीं, तो मातींत राहतो आणि दिसावयास गांडुळासारखा किंवा सापासारखा आहे. तरीहि शरीररचनेनें तो सापसुरळीच आहे. सारख्या धंद्यामुळें दोन परक्या माणसांचे हात सारखेच घट्टे पडून राकट व्हावे, तसा हा प्रकार आहे. तेवढ्यावरून ते भाऊ ठरत नाहींत.

राहतां राहिली विषाची गोष्ट. सापसुरळीला विषाचे दांत नाहींत आणि विषहि नाहीं. तिचे दांत किडे पकडण्यापुरते असतात. हातांत घट्ट धरली तर ती चावेल, परंतु त्यानें चिमटा बसल्यासारखें वाटेल, फार तर किंचित् खरचटेल. ज्यांच्या विषारी चाव्यानें माणसाला खरा धोका पोंचतो अशा सरड्यांचें प्रसिद्ध कूळ उत्तर व मध्य अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशांत आहे. भारतांत दंशानें माणसाचा प्राण घेईल असा एकहि सरडा, पाल, घोरपड किंवा सापसुरळी नाहीं. 'ती चावली तर औषध नाहीं' ही समजूत गांवोगांव ऐकूं येते. तिच्या मुळाशीं काय असावें याचा तर्क करतां येतो. अंधाऱ्या रात्रीं कोणाला कांहीं चावतें, चावणारा पळून जातो, आणि सकाळीं शोध घेतांना दगडाखालीं सापसुरळी आढळते. मण्याराचे दांत बारीक असल्यानें त्याच्या दंशाची खूण पुष्कळदां दिसतहि नाहीं आणि वेदनाहि थोड्या होतात. खरा अपराधी निसटतो आणि जी सांपडली तिच्या नांवावर मृत्यु लिहिला जातो.

या गैरसमजाची दुसरी बाजू अधिक घातक आहे. ज्याला सापसुरळी चावली असें वाटतें त्याला प्रत्यक्षांत साप चावला असण्याचा संभव असतो, आणि 'मावशीच्या' दंशावर मांत्रिक शोधण्यांत गेलेली घटका त्याच्या प्राणावर बेतूं शकते. म्हणून काय चावलें हें स्वच्छ पाहिलें नसेल तर तो सर्पदंशच आहे असें धरावें. जखम कापूं नये, चोखूं नये, आवळून बांधूं नये. चावलेला अवयव हलूं न देतां रोग्यास ताबडतोब इस्पितळांत न्यावें. सर्पविषावर खरा उतारा प्रतिविषाच्या लशीचा आहे. मुंबईच्या हाफकीन संस्थेचें नांव या लशीच्या कामाशीं दीर्घकाळ जोडलेलें आहे. ओळख चुकली तर कधीं प्राणी मरतो, कधीं माणूस मरतो; नीट ओळखल्यास दोघेहि जगतात.

घरांत शिरलेल्या सापसुरळीचें करावें तरी काय? बहुतेक वेळां कांहींच करावें लागत नाहीं. मुलांना आणि मांजराला बाजूस घ्यावें, बाहेरचें दार उघडावें, आंतलीं दारें लावावींत आणि तिला वाट मोकळी करून द्यावी. ती माणसाच्या सहवासासाठीं आलेली नसते. उजेड आणि वाट दिसली कीं ती आपली आपण निघून जाते. बादलींत किंवा न्हाणीघराच्या मोरींत अडकली असेल, तर आधीं पाय पाहून खात्री करावी, आणि मग बादली अंगणांत नेऊन हळूच आडवी करावी किंवा मोरींत खडबडीत फळी तिरकी लावून ठेवावी. फिनेल किंवा घासलेट ओतूं नये. त्यानें ती तडफडून मरते आणि घरांतील माणसांनाहि अपाय होतो. शेंपूट धरून उचलूं नये, कारण शेंपूट हातांत राहील.

याहून मोठा प्रश्न तिच्या घराचा आहे. झाडूनें मारलेल्या सापसुरळ्या दिसतात, परंतु अंगणांतली माती नाहींशी झाल्यामुळें ज्या जन्मालाच येत नाहींत त्या कोणाला दिसत नाहींत. अलीकडे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत सिमेंटच्या ठोकळ्यांची फरसबंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत करण्याची चाल पडली आहे. झाडाच्या बुंध्याभोंवतीं हातभर मातीहि उरत नाहीं आणि पाचोळा रोजच्या रोज जाळला किंवा नेला जातो. मोटारी उभ्या करण्यास जागा हवी, चिखल नको, हें म्हणणें खरें आहे. तरी कुंपणाच्या कडेनें दोन हात रुंदीची पट्टी उघडी ठेवली, तींत पाचोळा कुजूं दिला आणि चार दगड तसेच राहूं दिले, तर मोटारींचें कांहीं बिघडत नाहीं. पावसाचें थोडें पाणी जमिनींत मुरतें, झाडांच्या मुळांना श्वास मिळतो आणि सापसुरळीला अंडीं घालावयास जागा राहते. मात्र ही पट्टी घराच्या उंबऱ्यापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी, आणि अन्नाची घाण तेथें टाकूं नये. घाणीमागें उंदीर येतात आणि उंदरांमागें खरे साप येतात.

सापाची मावशी हें नांव आतां भाषेंतून पुसलें जाणार नाहीं, आणि जावेंच असेंहि नाहीं. मुलांना तें सांगतांना एवढेंच जोडून सांगावें कीं ही मावशी भाच्याच्या घरीं कधीं जात नाहीं, कारण भाचा तिला खातो. मग तिला चार पाय आहेत, ती डोळे मिचकावते, तिच्या गालामागें कान आहे, हें त्यांना दुरून पाहूं द्यावें. ज्या मुलानें एकदां तिचे पाय मोजले तो पुढें काठी उचलण्यापूर्वीं पाय मोजील, आणि पाय नसतील तेव्हां मागें सरून मोठ्यांना हांक मारील.